रीडिंग जुळवून घे

इंजिनिअरिंगला असलेल्या कुणालाही विचारा, चार वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य कोणतं. उत्तर एखादा नियम किंवा सूत्र नसेल. उत्तर असेल, ‘रीडिंग जुळवून घे.’ सीनियर सांगतात, ग्रुपमधला हुशार मुलगा सांगतो, लॅबमधले दादा सांगतात, आणि पाच वाजत आले की कधी कधी सरसुद्धा सांगतात. आमच्या विदर्भात त्याला वरून आपुलकीची फोडणी असते, “घे ना बे जुळवून, कोण पाहून रायलं?”

आणि खरंच कोणी पाहत नाही. फाईलवर शिक्का बसतो, सही होते, ती वर्षभर कपाटात पडून राहते आणि मग रद्दीत जाते. तिच्यातल्या आकड्यावर कुठला पूल उभा राहणार नसतो, की कुठलं इंजिन चालणार नसतं. मग जो आकडा कोणीच कधी वापरणार नाही, तो खोटा लिहिला तर बिघडलं काय?

हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न आहे. मला तो तसा नेता येत नाही. मी गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याचा आहे, आणि आमच्याकडे दरवर्षी एका रीडिंगवर घराचा हिशेब ठरतो. त्या रीडिंगकडे येतोच. आधी लॅब.

०.९८

उदाहरणासाठी व्हेंच्युरीमीटर घेऊ. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना तो माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एका पाइपला मध्येच कंबर दिल्यासारखा अरुंद भाग असतो. पाणी तिथून जाताना त्याचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. दाबातला हा फरक वाकवलेल्या काचेच्या नळीतल्या पाऱ्याच्या दोन पातळ्यांवरून वाचायचा आणि सूत्रात घालायचा. पाइपमधून किती पाणी जायला हवं ते कळतं. मग तेच पाणी एका टाकीत सोडायचं आणि पातळी दहा सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागले ते मोजायचं. प्रत्यक्षात किती पाणी गेलं ते कळतं. प्रत्यक्षाला हिशेबानं भागलं की एक गुणांक मिळतो. घर्षणात थोडी ऊर्जा जाते, म्हणून तो एकपेक्षा किंचित कमी असतो. पुस्तकात तो ०.९८ च्या आसपास दिलेला असतो.

मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक फाईलमध्येही तो ०.९८ च्या आसपासच असतो. गळकी नळी, पुसट झालेली पट्टी, मोबाइलचं स्टॉपवॉच, पाच जणांच्या ग्रुपमध्ये एक जण व्हॉल्व्ह फिरवतोय आणि चौघं रील बघतायत. तरीही उत्तर ०.९८. इस्रोला हेवा वाटावा अशी अचूकता!

हे जमतं कारण हिशेब उलटा केलेला असतो. आधी उत्तर लिहायचं, मग सूत्रातून मागे मागे जात सेकंद काढायचे. सगळी उत्तरं अगदी सारखी आली तर संशय येईल, म्हणून एक ०.९७६ ठेवायचं, एक ०.९८१, एक ०.९७९. खोटं खरं दिसावं म्हणून त्यात मोजून मापून थोडी चूक मिसळायची. यात एक प्रकारचं कौशल्य आहे, हे मान्य करायला हवं. शेवटी ‘त्रुटीची कारणं’ या मथळ्याखाली पिढ्यानपिढ्या चालत आलेलं एकच कारण उतरवायचं, पॅरलॅक्स एरर. म्हणजे पातळी वाचताना डोळा सरळ रेषेत नव्हता. डोळा त्या वेळी रीलवर होता, ही गोष्ट वेगळी.

दोषाआधी दिवस पाहा

मुलांना दोष देण्याआधी त्यांचा दिवस पाहायला हवा. पंचाहत्तर टक्के हजेरी. सेमिस्टरला पाच-सहा विषय, त्यांतल्या बहुतेकांची आठ-दहा प्रॅक्टिकलं, प्रत्येकाचं पान हातानं लिहायचं. खाडाखोड झाली तर पान पुन्हा. तासाभराच्या प्रॅक्टिकलमध्ये पंधरा मिनिटं हजेरीत, वीस मिनिटं मोटर सुरू होण्यात. मागच्या सेमिस्टरचा गणिताचा बॅकलॉग डोक्यावर. रूमवर चौघं, पंखा एक, आणि महिनाअखेरीला ज्याच्याकडे डेटा उरलाय तो त्या दिवसाचा राजा.

शनिवारी गोंदियाकडच्या गाडीच्या जनरल डब्यात दाराशी बसून घरी यावं, तर दारात शेजारचे काका बिघडलेला पंप घेऊन हजर. “इंजिनिअर होऊन रायला ना तू, पाह्य बरं याला काय झालं.” तीन वर्षांत पंपाची कार्यक्षमता काढायची पाच सूत्रं पाठ झालेली असतात, पंप उघडायचा कुठून ते कोणी सांगितलेलं नसतं. गावातला दहावी शिकलेला मिस्त्री येतो, पंप कानाजवळ घेऊन हलवतो आणि म्हणतो, बेअरिंग गेलं.

पण आनंदही याच दिवसांत असतात. लेथवर पहिल्यांदा नीट कापलेल्या जॉबमधून निघणारी स्टीलची निळसर वळकटी. रात्री दोनला अचानक चाललेला प्रोग्रॅम, जो चार तास का चालत नव्हता ते अजून कळलेलं नसतं. आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीची ती बैठक. फरशीवर पसरलेल्या फायली, एक जण वाचतोय, तिघं लिहितायत, कोणीतरी चहा आणतोय. कुणाचं पान राहिलं तर दुसरा आपली झोप मोडून ते भरून देतो. ‘रीडिंग जुळवून घे’ हे वाक्य या मैत्रीतून येतं. त्यामागे कोणाचं वाईट करायचा हेतू नसतो, म्हणून त्याच्याशी वाद घालणं अवघड जातं.

शिवाय मराठीत जुळवून घेणं हा सद्गुण आहे. नव्या सुनेला सांगतात, जुळवून घे. रूममेटशी पटत नाही? जुळवून घे. या सांगण्यात अन्यायही पुष्कळ झालाय, पण माणसांच्या जगात या शब्दाला अर्थ आहे. मी दोन पावलं पुढे येतो, तू दोन पावलं ये. अडचण एवढीच की पारा दोन पावलं पुढे येत नाही. माणसाशी जुळवून घेताना दोघं बदलतात. रीडिंगशी जुळवून घेताना फक्त वहीतला आकडा बदलतो, नळीतला पारा होता तिथेच राहतो.

दोन वेगळी खोटं

एक तयार उत्तर लगेच समोर येतं. आज रीडिंग जुळवणारा उद्या पूल पाडेल. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पाहुणे हेच सांगतात. मला हे उत्तर फार स्वस्त वाटतं. कॉलेजात फायली भरभरून जुळवलेली कितीतरी माणसं आज बॉयलरचा दाब डोळ्यांत तेल घालून पाहतात. खोटा आकडा लिहिण्यानं हात कायमचा खोटा होतो, असं काही नाही. दोष शोधायचा तर तो दुसरीकडे शोधायला हवा.

मित्राची असाइनमेंट उतरवणं आणि रीडिंग जुळवणं या दोन्हींना आपण ‘कॉपी’ या एकाच खात्यात टाकतो. पण ही दोन वेगळी खोटं आहेत. असाइनमेंट उतरवताना मी स्वतःबद्दल खोटं बोलतो, की हे मी सोडवलं. ते गणित तरी खरंच सुटलेलं असतं. रीडिंग जुळवताना मी जगाबद्दल खोटं बोलतो, की पाणी असं वाहिलं. ते तसं वाहिलेलं नसतं.

हे दुसरं खोटं विचित्र आहे, कारण त्यात मोजणंच नाहीसं होतं. मोजायचं कशासाठी? आपल्याला माहीत नसलेलं काही कळावं म्हणून. जर उत्तर आधीच ठरलेलं असेल आणि यंत्रानं त्याच्याशी सहमत व्हायचं असेल, तर यंत्र, पाणी, मोटर, वीज, सगळं सजावटीला उरतं. वर्गात सर सांगतात ते ऐकायचं असतं, पुस्तक सांगतं ते वाचायचं असतं. संपूर्ण शिक्षणात लॅब ही एकच जागा अशी आहे, जिथे पुस्तक आणि सर दोघांनाही ‘नाही’ म्हणायची मुभा एका काचेच्या नळीला दिलेली आहे. आणि तिनं तोंड उघडलं की आपण तिला गप्प करतो.

एकदा आमच्या ग्रुपला हाच गुणांक १.०८ आला. याचा अर्थ, सूत्रानं परवानगी दिली त्यापेक्षा जास्त पाणी पाइपमधून गेलं. हे अशक्य आहे. ०.९१ आलं असतं तर कोणी फिरून पाहिलं नसतं, पण अशक्य गोष्टीची जरा गंमत वाटते. पुन्हा केलं, पुन्हा १.०७. टाकी मोजून झाली, घड्याळ बदलून झालं. मग एकीचं लक्ष गेलं, पारा असलेल्या नळीला जोडणाऱ्या पाइपात मुगाच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. त्यामुळे दाबातला फरक खरा होता त्यापेक्षा कमी दिसत होता, म्हणून हिशेबातलं पाणी कमी आणि गुणांक जास्त. कॉक उघडून हवा काढली, आकडा ०.९६ वर आला. चार वर्षांत बर्नुलीचं समीकरण मी अनेकदा लिहिलंय, पण ते मला कळलं त्या बुडबुड्यापाशी. वर्गात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मार्क तेवढेच मिळाले. तरी पाचही जण दिवसभर उगाचच खुशीत होते.

अर्धा टक्का

न जुळणाऱ्या आकड्याचं मोल किती असू शकतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. १८९२ च्या सुमारास लॉर्ड रॅले हे इंग्रज शास्त्रज्ञ नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून बाकीचे माहीत असलेले वायू काढून उरवलेला नायट्रोजन एकीकडे, अमोनियासारख्या रसायनापासून बनवलेला नायट्रोजन दुसरीकडे. दोन्ही एकच वायू, म्हणजे वजन एकच यायला हवं. हवेतला सुमारे अर्धा टक्का जड भरत होता. अर्धा टक्का! आपल्या लॅबमध्ये एवढा फरक आला तर पार्टी होईल. रॅले यांनी तो जुळवला नाही. तो फरक जाईना, तेव्हा त्यांनी ‘नेचर’मध्ये पत्र छापून इतरांनाच विचारलं, हे का होत असावं. पुढे विल्यम रॅमझी यांच्यासोबत शोध घेतल्यावर कळलं, हवेत आजवर कोणाच्याच लक्षात न आलेला एक वायू आहे. १८९४ मध्ये त्यांनी तो जाहीर केला. वर्कशॉपमध्ये टिग वेल्डिंगला सिलिंडरमधून येतो तो आर्गॉन हाच. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅमझी यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि मोठी माणसं जुळवत नाहीत असंही नाही. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मध्ये कॅलटेकच्या पदवीदान समारंभात मिलिकन यांच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली होती. तेलाच्या बारीक थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग. मिलिकन यांनी हवेच्या चिकटपणाचा किंचित चुकीचा आकडा वापरला होता, म्हणून त्यांचं उत्तर जरा कमी आलं. नंतरच्या शास्त्रज्ञांची उत्तरं एकदम योग्य आकड्यावर गेली नाहीत. ती हळूहळू, पायरी पायरीनं वर सरकली. कारण मिलिकन यांच्यापासून फार दूरचं उत्तर आलं की लोक चूक शोधायला बसत, आणि जवळचं आलं की तेवढं शोधत नसत. कोणी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. नाव मोठं होतं, एवढंच. आपल्याकडे मिलिकन यांच्या जागी सीनियरची फाईल असते.

सतरा टक्के

आता त्या रीडिंगकडे येतो, ज्यावर आमच्या घरचा हिशेब ठरतो.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. पावसाळ्याच्या तोंडावर पऱ्हे टाकायचे, मग बांधीत चिखल करून रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. मळणी झाली की धान आधारभूत खरेदी केंद्रावर न्यायचा. तिथे सरकारचा नियम आहे, धानात ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त नको. केंद्रावर हातात मावेल असं यंत्र असतं. पोत्यातून मूठभर दाणे काढायचे, यंत्रात दाबायचे, पडद्यावर आकडा येतो. आकडा सतराच्या आत असला तर हमीभाव. वर असला तर पोती परत न्या, वाळवा, पुन्हा ट्रॅक्टरचं भाडं भरा, पुन्हा रांगेत लागा. नाहीतर खाजगी व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावात द्या.

बाबांचं स्वतःचं यंत्र म्हणजे दात. दाणा दाताखाली धरायचा, कट् आवाज आला की वाळला. एका वर्षी बाबांच्या दातांनी पास केलेला धान केंद्रावरच्या यंत्रानं १८.२ दाखवला. मी सोबत होतो. लॅबमध्ये शिकवलेली एक गोष्ट आठवली आणि मी त्या माणसाला म्हटलं, “दादा, पोत्यात वेगवेगळ्या जागचा धान घेऊन पुन्हा पाहता का?” तो वैतागू शकला असता, मागे रांग होती. पण त्यानं पाहिलं. दुसऱ्यांदा १६.९. तिसऱ्यांदा १७.७. त्यानं तिन्ही आकडे आमच्यासमोर कागदावर लिहिले, सरासरी काढली, १७.६. म्हणाला, “काका, दोन दिवस ऊन दाखवून आणा.”

मला वाटलं, बाबा चिडतील. भाडं वाया गेलं होतं. परतताना ते एवढंच म्हणाले, “तीनदा पाह्यलं ना त्यानं. मग ठीक आहे.”

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. निकाल बाबांच्या विरुद्ध होता आणि तरी त्यांना तो पटला, कारण तो मोजून आला होता. त्या माणसानं दया म्हणून १६.९ धरलं असतं, तर त्या दिवशी आमचा फायदाच झाला असता. पण ती त्याची मर्जी ठरली असती. आज मर्जी माझ्या बाजूनं, उद्या शेजाऱ्याच्या, परवा ज्याची ओळख आहे त्याच्या. ओला धान गोदामात काळा पडतो तो वेगळाच. कामठा ही जुनी जमीनदारी. जिथे पायली मालकाच्या घरची असते, तिथे धान पिकवणाऱ्याला माप काय भरेल ते आधी सांगता येत नाही. अशा गावांना जे यंत्र कोणाचंही तोंड पाहत नाही, त्याची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही.

ज्याच्या हातात सत्ता किंवा पैसा आहे, त्याला खऱ्या आकड्याची फारशी गरज नसते. आकडा उलटा आला तर तो फोन करू शकतो. ज्याला फोन करायला कोणी नाही, त्याच्याजवळ खरं माप एवढंच असतं. म्हणून इंजिनिअरिंगच्या वर्गात बसलेल्या शेतकऱ्याच्या, मजुराच्या, हमालाच्या मुलामुलींना हा प्रश्न इतरांहून जास्त लागतो. सकाळी आपल्या धानासाठी मीटर खरं असावं असं वाटतं आणि दुपारी लॅबमध्ये मीटरला गप्प बसवावं लागतं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आत फार काळ सुखानं राहू शकत नाहीत.

पुढची बॅच

आता सुरुवातीचा प्रश्न. जो आकडा कोणी वापरणार नाही, तो खोटा लिहिला तर नुकसान कोणाचं?

मला वाटतं, त्या प्रश्नातलं गृहीतच चुकीचं आहे. तो आकडा वापरला जातो. साठ मुलांच्या साठ फायलींत ०.९८ आलं, याचा कागदोपत्री अर्थ होतो की त्या लॅबमधला व्हेंच्युरीमीटर उत्तम चालू आहे. तपासणीला समिती आली तर तिला फायली दाखवल्या जातात. नळी गळते, पट्टी पुसली आहे, पंप धापा टाकतो, यातलं काहीही कुठल्याच पानावर नाही. मग नवी नळी कशाला घ्यायची? पुढच्या वर्षीची बॅच त्याच गळक्या नळीसमोर उभी राहते आणि तिला सीनियर सांगतात, जुळवून घे. यंत्र बिघडलंय हे सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे त्याचं चुकीचं रीडिंग, आणि तोच आपण दरवर्षी फितवतो.

म्हणजे या खोट्याला बळी नाही असं नाही. बळी आपल्याहून एक वर्षानं लहान आहे, आणि त्याच्याशी आपली अजून ओळख झालेली नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर कसं दिसतं ते २०१५ मध्ये जगानं पाहिलं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातला एक लहान गट २०१३ मध्ये डिझेल गाड्यांचा धूर मोजत होता. त्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे भारतातून तिथे शिकायला गेलेले विद्यार्थी होते. इतर ठिकाणी गाडी लॅबमध्ये रोलरवर ठेवून मोजतात. यांनी यंत्रं डिकीत टाकली आणि गाडी रस्त्यावर चालवली. काम देणाऱ्या संस्थेला आशा होती की डिझेल स्वच्छ असू शकतं हे यातून दिसेल. फोक्सवॅगनच्या दोन गाड्यांचे आकडे जुळेनात. एका गाडीतून नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट बाहेर पडत होते. गटानं आधी आपल्याच यंत्रांवर संशय घेतला, पुन्हा तपासलं. आकडे तसेच राहिले, आणि त्यांनी ते तसेच छापले.

१८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं कंपनीला नोटीस दिली. गाडीतल्या सॉफ्टवेअरला कळत होतं की आपली चाचणी चालू आहे. स्टिअरिंग हलत नाही आणि चाकं फिरतायत, म्हणजे ही लॅब. तेवढ्यापुरता धूर आवरायचा, रस्त्यावर आल्यावर सोडायचा. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. हे सॉफ्टवेअर लिहिणारे इंजिनिअरच होते, अतिशय हुशार. ‘रीडिंग जुळवून घ्या’ हे वाक्य तिथे बहुधा इतक्या साध्या शब्दांत कोणी म्हटलं नसेल. पण काम तेच होतं, उत्तर आधी ठरवा आणि मागे मागे या. धूर मात्र लॅबमध्ये कमी झाला तरी रस्त्यावरच्या माणसाच्या छातीत तेवढाच जात राहिला.

किंमत कोणी मोजायची

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे, मग उद्यापासून खरी रीडिंगं लिहा. एवढं सोपं नाही. खरं ०.९१ लिहिणाऱ्या मुलीला एक्स्टर्नल विचारतात, “चुकलंय ना हे?” आणि शेजारच्या ०.९८ ला दोन मार्क जास्त पडतात. जिच्या घरी पुढच्या वर्षाची फी याच मार्कांवर मिळणाऱ्या सवलतीतून जाणार आहे, तिला प्रामाणिकपणाचं भाषण देण्याचा अधिकार कोणाला आहे? खरेपणाची सगळी किंमत सगळ्यांत कमी ताकदीच्या माणसानं मोजावी, ही मागणीच अन्यायाची आहे. बिघडलेलं यंत्र तिनं विकत घेतलेलं नाही, अभ्यासक्रम तिनं ठरवलेला नाही.

म्हणून पहिलं पाऊल शिक्षकांचं आहे, आणि ते महागही नाही. उत्तर किती आलं याला मार्क देण्याऐवजी ते तसं का आलं याला द्यायचे. १.०८ आलं? छान, मग सांगा अशक्य गोष्ट कशी घडली. व्हायवात हा एक प्रश्न विचारला तर फायली आपोआप बदलतील, कारण जुळवलेल्या रीडिंगला ‘का’ विचारलं की ते मुकं होतं. काही शिक्षक हे करतातही. अशा सरांच्या किंवा मॅडमच्या लॅबमध्ये मुलं वेळ संपल्यावर रेंगाळताना दिसतात.

पण सगळं शिक्षकांवर ढकलूनही चालणार नाही. विद्यार्थ्याच्या हातात एक छोटी जागा आहेच, आणि ती फाईलमध्ये छापलेली असते. ‘त्रुटीची कारणं.’ तिथे पॅरलॅक्स एरर लिहायची सक्ती नाही. ‘नळी गळत होती’, ‘पट्टीचे आकडे वाचता येत नव्हते’, ‘पंप मध्येच बंद पडला’, एवढं लिहिलं तरी मार्क सहसा जात नाहीत. आणि यंत्राबद्दलची खरी गोष्ट पहिल्यांदा कागदावर येते. साठ फायलींत ती आली, तर समितीसमोर ठेवायला तेवढाच पुरावा. यात शौर्य वगैरे काही नाही, केंद्रावरच्या त्या माणसानं तीन आकडे कागदावर लिहिले, तेवढंच आहे.

आमच्या जिल्ह्यात नवेगावबांधचा मोठा तलाव आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. कोहळी समाजानं झाडीपट्टीत असे कितीतरी तलाव बांधले. त्यांच्याकडे थिओडोलाइट नव्हता, डिग्री नव्हती, फाईल तर नव्हतीच. पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते पावसात उभं राहून पाहायचं, त्यावर पाळ घालायची, आणि पहिल्या मोठ्या पावसानं परीक्षा घ्यायची. तिथे जुळवून घ्यायला काही जागाच नव्हती. पातळी चुकली तर पाणी ती जागा दाखवून निघून जाणार.

आपल्याला लॅबमध्ये तेच पाणी पाइपात भरून दिलंय. इथे चुकलं तर कोणाची बांधी वाहून जात नाही, कोणाचं घर बुडत नाही. आयुष्यात पुन्हा एवढ्या स्वस्तात चुकायला कोणी देणार नाही. नोकरी लागली की प्रत्येक चुकीमागे कोणाचा तरी पैसा असेल, कोणाचा तरी जीव असेल, आणि जुळवून घ्यायला सांगणारा माणूस मित्र नसून बॉस असेल. तेव्हा त्याला नाही म्हणता येईल की नाही, हे मला आज सांगता येत नाही, तुम्हालाही नाही. पण खरा आकडा कसा दिसतो, तो आल्यावर आधी कशी चिडचिड होते आणि त्याचं कारण सापडल्यावर दिवसभर कसं बरं वाटतं, हे ज्यानं एकदा तरी अनुभवलंय, त्याला निदान काय सोडतोय ते कळेल.